बारावा रकाना

१

रेडिओ दुर्बिणीवर नोकरी म्हटली की लोकांना वाटतं, हा माणूस रात्र रात्र जागत असणार. मावशीलाही ती इथे राहायला येईपर्यंत तसंच वाटत होतं. खरं तर रेडिओ लहरींना ऊन काय नि अंधार काय, सारखंच. ठमीचा तारा त्या दिवसांत सकाळी दहाला उगवायचा आणि चारला मावळायचा. ठमी साडेनऊला डबा घेऊन निघायची आणि पाचला घरात. "एवढी शिकलीस आणि शेवटी कारकुनाच्या वेळा," असं मावशी म्हणायची आणि डब्यात दोन घास जास्तच भरायची.

ठमी म्हणजे बावन्न वर्षांची, चष्मा लावणारी, वेधशाळेत सगळे जिला दबकून असत अशी बाई. ठमी हे नाव फक्त घरात, कारण ते बाबांनी ठेवलं होतं, आणि बाबांनी एकदा घट्ट बसवलेली गोष्ट सहसा निघत नसे. बाबा त्याच वेधशाळेत मेकॅनिक होते. अँटेनांच्या तबकड्या फिरवणाऱ्या मोटारी, त्यांचे दाते, त्यांचं ग्रीस, यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. शास्त्र ते कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते. पण शास्त्रज्ञांच्या टेबलाशी चहाचा कप घेऊन उभं राहता राहता त्यांनी बरंच काही खिशात घातलं होतं.

त्या ताऱ्याचं वेडही त्यांचंच. तारा वयाने कोवळा, वजनाने अवाढव्य आणि जाड धुळीच्या ढगात दडलेला, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. पण त्याचा प्रकाश इतका जहाल की भोवतालच्या वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि असा पेटलेला वायू रेडिओ लहरी सोडतो. त्या धुळीतून आरपार येतात. दुर्बिणीच्या चित्रात हा वायू ताऱ्याभोवतीच्या कड्यासारखा दिसे, आणि त्या कड्याला एका बाजूला खाच होती. तिथला वायू पेटलेला नव्हता. म्हणजे तिथे ताऱ्याचा प्रकाश पोचत नव्हता, मध्ये काहीतरी उभं होतं आणि त्याची सावली पडत होती.

काय उभं होतं, ते कोणालाच माहीत नव्हतं. बाबा रोज पाळी संपली की चिंधीला हात पुसत कंट्रोल रूमच्या दारात यायचे आणि विचारायचे, "दिसलं का?" ठमी नोकरीला लागली त्या दिवसापासून उत्तर देण्याचं काम तिच्याकडे आलं. ती म्हणायची, "अजून नाही, बाबा." दिसलं नाही ते दिसलं म्हणणारा माणूस आणि सैल बोल्ट, दोघांनाही उंचावर ठेवू नये, असं बाबांचं म्हणणं होतं.

आता बाबा एक्याऐंशीचे होते. गेली तीन वर्षं त्यांची आठवण झिजत चालली होती. दिवसभर ते हॉलमध्ये खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसत. पण पाच वाजता ठमी चपला काढायला वाकली की आवाज यायचाच, "दिसलं का गं?"

२

वेधशाळेत अकरा तबकड्या होत्या. पूर्वी बारा होत्या. बारावी उत्तरेकडच्या रुळांच्या टोकाला, बाबांची लाडकी. गंज लागला म्हणून दोन वर्षांपूर्वी तिला उतरवून नेलं. पण डेटाच्या तक्त्यात बारावा रकाना तसाच राहिला होता, रोज शून्यांनी भरायचा. तो काढायचा तर जुना प्रोग्राम उसवावा लागला असता, आणि त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

एका सोमवारी सकाळी कात्री तिच्या टेबलाशी येऊन दोनदा खोकला. खराब डेटा ओळखून कापून टाकणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत. त्याच्या बायकोचाही फोन आला तर "कात्री आहे का?" असाच यायचा.

"मॅडम, बाराव्यात काहीतरी येतंय."

"काय येतंय?"

"सिग्नल. चांगला, स्वच्छ सिग्नल. आपल्या सातव्या अँटेनापेक्षा चांगला, खोटं कशाला बोलू."

"कुठल्या तरी केबलमधून झिरपत असेल. बघून ये."

कात्री बघून आला. मग ठमी स्वतः गेली. रुळांच्या टोकाला सिमेंटचा चौथरा होता, त्यावर कापलेले बोल्ट आणि टोपण लावून बंद केलेली केबल. टोपणावर कोळ्याने जाळं विणलं होतं. ती केबल दोन वर्षांत कोणी हलवली नव्हती, हे त्या कोळ्याकडे पाहूनच कळत होतं.

झिरपलेल्या सिग्नलची एक खूण असते. तो आकाश ओळखत नाही. दुर्बीण दर वीस मिनिटांनी ताऱ्यावरून वळवून दुसऱ्या एका ठरलेल्या, कधी न बदलणाऱ्या स्रोताकडे न्यायची, त्यावर सगळ्या तबकड्यांचे काटे जुळवायचे आणि परत ताऱ्याकडे यायचं, अशी रीत होती. त्या ठरलेल्या स्रोताला हे लोक वाटाड्या म्हणत. अकराही तबकड्या वळल्या तेव्हा बारावा रकानाही वळला. जिथे काहीच नव्हतं ते काहीतरी, बाकीच्यांबरोबर वाटाड्याकडे पाहत होतं, आणि नीट पाहत होतं.

३

अँटेना नेमकी कुठे उभी आहे, हे वाटाड्याच्या डेटावरून काढता येतं, अगदी बोटभर अंतरापर्यंत. ठमीने बाराव्याचं गणित मांडलं. वेधशाळेच्या मध्यापासून पूर्वेला सहाशे चौदा मीटर, उत्तरेला दोनशे तीन. तिने भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. पट्टीचं टोक कर्मचाऱ्यांच्या वसाहतीवर आलं, तिथल्या तिसऱ्या इमारतीवर, तळमजल्यावर. ते तिचं स्वतःचं घर होतं.

ती एकटीच मोठ्याने हसली. मावशीचा मिक्सर, दुसरं काय. मावशी मिक्सर लावते तेव्हा शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा बंद पडतो.

पण मिक्सरला तारा कसा दिसणार, हा प्रश्न घरी जाईपर्यंत तिच्या डोक्यात घुमत राहिला. मावशी भाजी निवडत होती. बाबा खुर्चीत.

"आज मिक्सर लावला होतास का गं?"

"बिघडलाय तो परवापासून. तुला चार वेळा सांगितलं. ऐकतं कोण?" मावशीने आवाज खाली आणला. "आणि हे बघ, आज दिवसभर हे एक अक्षर बोलले नाहीत. हाक मारली तर असं बघतात, जसं काही लांबून ऐकू येतंय."

"दिसलं का गं?" बाबा म्हणाले.

"हे एवढं सोडून," मावशी म्हणाली.

"अजून नाही, बाबा," ठमी म्हणाली आणि त्यांच्या गुडघ्यावर थोपटून चहा टाकायला गेली.

मंगळवारी बारावा वसाहतीच्या फाटकाशी होता. बुधवारी रुळांच्या कडेने निम्म्या वाटेवर. गुरुवारी गणिताने त्याला थेट बाराव्या चौथऱ्यावर आणून उभं केलं. बत्तीस वर्षं बाबा ज्या वाटेने कामाला जात, ती हीच वाट, आणि फाटकापासून थोडं डावीकडून, डबकं चुकवून जायची त्यांची सवयही त्या आकड्यांत होती. ठमीने ते आकडे कोणाला दाखवले नाहीत.

४

शुक्रवारी तो चौथऱ्याच्या पुढे गेला.

हे मात्र कामाचं होतं. दोन तबकड्या जितक्या एकमेकींपासून लांब, तितकं चित्र बारीक येतं. रेडिओ दुर्बिणीचा सगळा धंदाच या एका गोष्टीवर चालतो. बारावा दोन किलोमीटरवर गेला तेव्हा कड्यातल्या वायूचे पदर सुटे दिसू लागले. नऊ किलोमीटरवर गेला तेव्हा पदरांमधल्या गाठी दिसल्या. चाळीस किलोमीटरवर गेला त्या दिवशी ठमी डबा खायचं विसरली. अशी चित्रं जगात कोणी काढली नव्हती.

"मॅडम, कापू का?" कात्रीने विचारलं. "नसलेल्या अँटेनाचा डेटा आहे. उद्या कोणी विचारलं तर काय सांगणार? भुताने दिला म्हणून?"

"थांब थोडं."

"मला काही बरं वाटत नाही यात."

"अरे, तुझ्या पोटात नेहमीच दुखतं. चित्र बघ ना जरा!"

त्याने पाहिलं आणि खुर्ची ओढून तो चित्रासमोर बसला. खाचेच्या कडा आता स्पष्ट होत्या. ढगाला अशा कडा नसतात. पुढच्या आठवड्यात बाराव्याच्या उंचीचा आकडा बदलू लागला. आधी तो जमिनीइतकाच असायचा. मग चारशे किलोमीटर झाला. मग चंद्राइतका, मग चंद्राच्या कितीतरी पुढे. शेवटी आकडा रकान्यात मावेना आणि जुना प्रोग्राम तिथे नुसत्या फुल्या छापू लागला. ठमीने छाती करून तो रकाना रुंद करून घेतला आणि कामाला लागली.

रोज संध्याकाळी बाबा विचारत आणि ती खरं खरं सांगे. "अजून नाही, बाबा. पण थोडंच राहिलंय हं. अजून थोडं लांबून बघायला मिळालं की झालं." बाबा मान हलवत. समजलं, बघतो, अशी ती मान असे. साहेबाने काम सांगितल्यावर ते अशीच मान हलवत.

५

एका रविवारी मावशी बाबांना भरवत होती. बाबांनी चमचा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत तिच्या हातात दिला. त्याचं काय करायचं, ते त्यांना आठवत नव्हतं.

"पंधरा दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने जेवत होते गं," मावशी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मावशी ठमीच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर महिनाभरासाठी आली ती बावीस वर्षं राहिली होती. बाबांशी ती दिवसभर भांडायची आणि त्यांच्या औषधाची एकही वेळ चुकवायची नाही. "दर दिवशी थोडे थोडे जातायत. मला दिसतंय ना. सोमवारी माझं नाव गेलं, मंगळवारी खिडकीला काय म्हणतात ते गेलं."

मावशी कॅलेंडरवर लिहून ठेवायची, डॉक्टरांना सांगायला म्हणून. कुठल्या तारखेला काय विसरले, सगळं बारीक अक्षरात. ठमीने ते कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि आपल्या वहीशेजारी ठेवलं. एका बाजूला बाराव्याचं अंतर, दुसऱ्या बाजूला बाबा. चौथरा ओलांडला त्या दिवशी मावशीशी असलेलं नातं बाबा विसरले होते. चाळीस किलोमीटरला जिना. चंद्रापलीकडे गेला त्या दिवशी आई.

असं काही नसतं, हे ठमीला माहीत होतं. त्या ताऱ्याचा प्रकाश इथे यायला हजारो वर्षं लागतात, आणि एक म्हातारा माणूस वेताच्या खुर्चीत बसून कुठेही जात नाही. दोन रेषा शेजारी शेजारी चालल्या म्हणजे त्या एकमेकींचा हात धरून चालतात असं नाही, हे ती नव्या पोरांना दर वर्षी शिकवत होती. तरी तिने दोन्हीकडच्या तारखा पुन्हा ताडून पाहिल्या. मग तिच्या लक्षात आलं, की तिची उत्तरंही तिने रोज दिली होती. अजून नाही. अजून थोडं लांबून.

तिने पडताळा घ्यायचं ठरवलं. सोमवारी बाबांनी विचारलं, "दिसलं का गं?" ठमीने उत्तर दिलं नाही. बाबांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मंगळवारी बारावा होता तिथेच होता. मंगळवारीही ती गप्प राहिली, आणि बुधवारी आकडा तसूभर हलला नव्हता. तो उभा होता. निरोपाची वाट पाहत होता.

६

बुधवारी ठमी अर्ध्या दिवसातच घरी आली. मावशीला तिने दुकानात पिटाळलं. मग खुर्चीसमोर जमिनीवर बसली.

तीस वर्षांत तिने एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. एकदा तर स्वतःचाच छापून आलेला निष्कर्ष चूक निघाला म्हणून तिने जगाला पत्र लिहून कळवलं होतं, आणि त्या दिवशी बाबांनी तिला खांद्यावर हात ठेवून फाटकापर्यंत सोबत केली होती.

"दिसलं का गं?"

"दिसलं, बाबा."

बाबांच्या भुवया वर गेल्या.

"सगळं दिसलं. स्वच्छ. आता या तुम्ही घरी. खूप लांब गेलात, मला करमत नाही."

 मग त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवरून सरकत आला आणि तिच्या डोक्यावर येऊन थांबला. ठमी लहान पोरीसारखी रडली.

७

गुरुवारी बारावा वळला होता. जायला लागले त्याच्या निम्म्यानेही दिवस परतायला लागले नाहीत. तो कोसाकोसाने जवळ येत होता आणि घरात रोज काहीतरी परत सापडत होतं. चमचा आला. खिडकी आली. एका सकाळी बाबा मावशीला म्हणाले, "चहात साखर विसरलीस, नेहमीप्रमाणे." मावशी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून हसली, आणि मग बाहेर येऊन तिने त्यांच्याशी तासभर मनसोक्त भांडण केलं.

ज्या दिवशी बारावा फाटकाशी पोचला त्या दिवशी कात्री टेबलाशी आला. खोकला नाही.

"मॅडम, तेराव्यात येतंय."

"तेरावा रकाना नाहीच आपल्याकडे."

"आता आहे. प्रोग्रामने स्वतःच उघडलाय."

ठमीने गणित मांडलं. तेरावा बाराव्याच्या मागे पन्नास मीटरवर होता. तिने आदल्या दिवसांचा न वापरलेला कच्चा डेटा काढून पाहिला. तेव्हाही पन्नास मीटर. त्याच्याही आदल्या दिवशी. बारावा थांबला की तो थांबत होता. फाटकाशी बारावा डबकं चुकवून डावीकडून आला होता. तेरावाही डावीकडून.

"आणि हे," कात्रीने आजचं चित्र पुढे ठेवलं.

कडं पूर्ण होतं. पेटलेला वायू ताऱ्याभोवती सगळीकडून सारखा फिरला होता. खाच नव्हती. हा प्रकाश हजारो वर्षांपूर्वी निघालेला, त्याने आजच बदलायला नको होतं, पण तो बदलला होता. तिथे जे उभं होतं, ते आता तिथे नव्हतं.

८

शनिवारी दुपारी हॉलमध्ये ऊन आलं होतं. खिडकीच्या आकाराचा चौकोन फरशीवर पडला होता, आणि त्याची एक कड खाल्लेली होती. ठमीने खिडकी पाहिली. काचेवर काही नव्हतं. पडदा बाजूला होता. ती खिडकी आणि फरशी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत हात फिरवायला गेली, आणि तिने तो मध्येच मागे घेतला.

मावशी ओला फडका घेऊन त्या बाजूने गेली. चौकोनाच्या त्या कडेवर पाय पडला आणि ती थांबली. हातातल्या फडक्याकडे तिने पाहिलं. "मी काय करत होते गं?" तिने विचारलं. मग ठमीकडे नीट निरखून पाहिलं. "आणि तू कुणाची?"

ठमीने तिला दंडाला धरून ओढून बाजूला घेतलं. मावशीला दोन मिनिटांत सगळं आठवलं आणि बीपी वाढलं असेल म्हणून ती आत जाऊन आडवी झाली.

"तिची चूक नाही, त्याचीही नाही," बाबा खुर्चीतून म्हणाले. "त्याला इथलं काही कळत नाही गं. कुठे उभं राहावं तेही कळत नाही."

"बाबा, मी खोटं बोलले. मला काही दिसलं नव्हतं."

"माहीत आहे मला. लहानपणापासून खोटं बोलताना नाक चोळतेस तू." ते हसले. ते हसणं ठमीने तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. "पण मुलगी बोलावते म्हटल्यावर थांबायचं कसं? वळलो. तर तेही वळलं. किती काळ एकटं उभं होतं कोण जाणे. पहिल्यांदाच कोणीतरी इतक्या जवळ आलं होतं, मग लागलं माझ्या मागे. मायाळू आहे. पण त्याला इथे ठेवून चालायचं नाही. आज मावशी, उद्या तू."

"मी दुर्बीण बंद करते. कायमची."

"बंद केल्याने पाहुणा जातो का?"

"मग काय करायचं?"

"पोचवून यायचं. सोबतीने आलंय, सोबतीनेच जाईल." बाबांनी पाय जुळवले, खुर्चीत मागे टेकून बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं. कामावर निघताना ते बटण लावत. "तोंड पाडू नकोस, ठमे. अर्ध्या वाटेवर थोडंच सोडणार? त्याच्या जागी नेऊन उभं करतो आणि येतो. आलोच."

"बाबा, नका ना जाऊ!" तिने त्यांचे दोन्ही हात धरले.

हात ऊबदार होते. बाबांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने फरशीवरचा उन्हाचा चौकोन चारही बाजूंनी भरून आला, आणि मिटल्या डोळ्यांच्या त्या चेहऱ्यावरून एकेक ओळखीची गोष्ट उतरत गेली.

९

ते दोघं बरोबरीने गेले. पहिल्या दिवशी दोघांत पन्नास मीटर अंतर, मग दहा, मग इतके जवळ की गणिताला दोघांतला कोण कोणता ते वेगळं करता येईना. तेरावा रकाना रिकामा झाला आणि सगळं एकट्या बाराव्यात येऊ लागलं. मग रुंद केलेल्या रकान्यातही फुल्या. मग तीन आठवडे काहीच नाही, नुसती शून्यं. घरी बाबा श्वास घेत होते, मावशीने घातलेलं पाणी गिळत होते, आणि पाच वाजता काही विचारत नव्हते.

चौथ्या आठवड्यात बाराव्यात सिग्नल आला. एकच. तो परत येत होता.

कात्री आनंदाने ओरडला. ठमी त्या आकड्यांकडे पाहत राहिली. दोघं गेले होते, एक येत होता, आणि प्रोग्रामची रीत अशी की येणारा कोणीही असो, त्याला पहिल्या रिकाम्या रकान्यात बसवायचं. बारावा म्हणजे बाबा, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. फाटकाशी तो डबकं चुकवतो का, ते बघता आलं असतं. पण डावीकडून जायला तर दोघंही शिकले होते.

सिग्नल फाटकाच्या आत आला त्या दिवशी ती ऑफिसला गेली नाही. मावशीला तिने शेजारी पाठवून दिलं. दाराची कडी तिने लावली, काढली, परत लावली. दुपारी दीडला फोन वाजला.

"मॅडम, खाच परत आलीय!" कात्री म्हणाला. "म्हणजे तिथे परत कोणीतरी... काहीतरी आहे. फक्त..."

"फक्त काय?"

"आधीपेक्षा लहान दिसतेय. बरीच लहान. जरा वाकलेली. पण अर्ध्या दिवसाचा डेटा आहे, त्यात एवढं कमीजास्त होतंच, नाही का?"

"होतं," ठमी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. अर्ध्या दिवसाच्या डेटात इतकी चूक होऊ शकते. दहातून तीन वेळा तरी होऊ शकते. तिने मनातल्या मनात आकडेमोड केली आणि ती थांबवली. मग दाराशी गेली आणि कडी काढून दार सताड उघडलं. बापाला आत घ्यायचं तर दार उघडावंच लागतं, आणि उघड्या दाराने कोण येईल ते निवडता येत नाही.

ती परत येऊन खुर्चीसमोर बसली. हॉलमध्ये ऊन आलं होतं. तिने फरशीकडे पाहिलं नाही, बाबांच्या चेहऱ्याकडेच पाहत राहिली. पापण्या हलल्या. डोळे उघडले. त्यांनी छताकडे पाहिलं, भिंतीकडे, खिडकीकडे, आणि मग तिच्याकडे. त्या नजरेत फार माया होती. आणि तरी ते सगळं असं पाहत होते, जणू यातलं काहीच त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

ओठ एकदोनदा हलले. मग अतिशय संकोचाने, अदबीने, खुर्चीच्या दांडीला जपून हात लावत त्यांनी विचारलं, "मी इथे बसू का?"

ठमीने डोळे पुसले. त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बसा ना," ती म्हणाली. "मी चहा टाकते."